मातीच्या कुशीतलं घर: बाहेरचं शेवटचं काम कसं करावं?

उतारावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घराचा सांगाडा पुरा झाला, मातीचा भरावही बहुतेक झाला आणि आता बाहेरच्या कामापाशी येऊन थांबलोय. वॉटरप्रूफिंगच्या वेळी इथल्या बऱ्याच जणांनी वेळ काढून उत्तरं दिली होती, म्हणून पुन्हा इथेच आलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी घर कसं आहे ते सांगतो. उतार खणून बांधलंय. तीन बाजू आणि छप्पर मातीखाली, चौथी लांब बाजू सूर्याकडे उघडी. नकाशा आम्हा दोघांचा, तीन वर्षं वह्या भरल्या. सळया आणि जाड्या मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मोजून घेतल्या. छतावर ४० सेंटिमीटर माती आहे, ती पावसात पुरती भिजली की दर चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास वजन होतं. शिवाय स्लॅबचं स्वतःचं वजन वेगळं. इथे अंदाजपंचे चालत नाही.

भिंतीच्या बाहेर आतून बाहेर या क्रमाने थर आहेत: काँक्रीट, त्यावर पाणी अडवणारी ईपीडीएम रबराची चादर, मग ऊब अडवणारा १० सेंटिमीटर एक्सपीएस फोम, मग फुगवट्यांचा प्लास्टिक पत्रा, गाळ अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, ३० सेंटिमीटर खडी आणि शेवटी माती. पायाच्या तळाशी पाणी वाहून न्यायला १० सेंटिमीटरचा भोकांचा पाइप, १०० ला १ ढाळ देऊन, दोन्ही टोकं उतारावर उघड्यावर काढलीत. छताला भिंतींचा आधार असतो तसाच भिंतींनाही छताचा असतो, म्हणून स्लॅब पडून २८ दिवस झाल्याशिवाय भरावाला हात लावला नाही. छतावर ५ सेंटिमीटर पाणी ४८ तास उभं करून पाहिलं, आत थेंब आला नाही.

मातीखालचं सगळं झाकलेलं आहे, तिथे ऊनवारा पोचत नाही. समोरची उघडी भिंत तशी कुठल्याही घरासारखीच. मला चिंता आहे ती या दोहोंच्या मधल्या रेघेची. माती जिथे संपते आणि हवा सुरू होते तिथे काय करायचं? तिथे पॅरापेट आहे, दोन्ही टोकांना माती अडवणाऱ्या पाखभिंती आहेत, फोमचा एक हातभर पट्टा उघडा पडलाय आणि तो आताच पिवळा पडून बोटाला पीठ लागतंय. समोरच्या भिंतीवरही बाहेरून फोमच लावलाय. त्यावर चुन्याचा गिलावा करायचा विचार आहे.

ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


चुनखडी

अभिनंदन! भराव झाला म्हणजे अर्ध्याहून जास्त जीव भांड्यात पडला.

समोरच्या भिंतीबद्दल लिहिते, कारण ते काम मी स्वतः हाताने केलंय. फोमवर थेट जाड चुना थापू नका. एक्सपीएसची साल गुळगुळीत असते, चुन्याला धरायला काही मिळत नाही. आज चिकटल्यासारखा दिसेल, पण एका उन्हाळ्यात बद्द वाजायला लागेल आणि मग पोपडे सुटतील. आधी फोमची साल तारेच्या ब्रशने किंवा रंध्याने खरवडून घ्या. उन्हाने पिवळं पडलेलं पीठ पूर्ण काढा, त्या पिठावर काहीही लावलं तरी ते पिठासकट निघून येतं. मग फोमसाठीचा बेसकोट, म्हणजे फोमला धरून राहणारा पहिला थर.

इथे बरेच गवंडी एक चूक करतात. फायबरची जाळी आधी भिंतीवर ठोकतात आणि वरून माल लावतात. अशी जाळी फोमला चिकटून राहते आणि तिचा काही उपयोग होत नाही. आधी ओला बेसकोट पसरायचा, मग त्यात जाळी थापीने दाबत जायची, इतकी की जाळीचे चौकोन मालाखाली जेमतेम जाणवतील. दोन पट्ट्यांचा जोड किमान १० सेंटिमीटर एकावर एक. खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यावर विटेएवढा जाळीचा एक तुकडा तिरका, ४५ अंशात लावा. तडा कोपऱ्यातून तिरका निघतो, तो तुकडा त्याला आडवा पडतो. हे वाळल्यावर वरून चुन्याचा पातळ हात द्या. चुन्याचं ते मऊ, श्वास घेणारं रूप पाहिजे असेल तर ते या शेवटच्या हातातूनही मिळतं.

भर उन्हात काम काढू नका. भिंत सावलीत असेल त्या वेळी करा आणि चुन्याच्या हातावर पहिले काही दिवस ओलं गोणपाट सोडा. चुना सुकून नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. घाईने वाळलेला चुना हाताला खडूसारखा लागतो.

आणि जमिनीलगतचा खालचा हात-दीड हात गिलाव्याचा ठेवूच नका. तिथे दगड लावा. पावसाचं पाणी जमिनीवर आपटून मातीसकट भिंतीवर उडतं, कितीही चांगला गिलावा असला तरी तो पट्टा आधी जातो. भिंतीलगत माती किंवा फरशी न करता दोन फूट रुंद खडीचा पट्टा केलात तर उडणं पुष्कळ कमी होतं.


ऊबगणित

चांगला धागा. मला पॅरापेटचं जास्त भय वाटतंय, त्यामुळे सरळ त्याकडे येतो.

माती ऊब धरून ठेवते, अडवत नाही. बऱ्याच जणांचा इथेच घोळ होतो. ओलसर मातीतून उष्णता साधारण १.५ वॅट प्रति मीटर-केल्विन दराने जाते, एक्सपीएसमधून ०.०३३ च्या आसपास. म्हणजे तुमच्या १० सेंटिमीटर फोमचं काम मातीने करायचं तर साडेचार मीटर माती लागेल. छतावरची ४० सेंटिमीटर माती ऊन, पाऊस, रोजचा चढउतार यांपासून वाचवते, पण थंडी अडवण्याचं काम तुमचा फोमच करतो.

काँक्रीट तर मातीहून वाईट, २ च्या आसपास. आता पॅरापेट बघा. तो स्लॅबशी एकसंध ओतलाय ना? मग तो घराच्या आतल्या गरम काँक्रीटपासून थेट बाहेरच्या हवेत गेलेला पंख आहे. इंजिनावर उष्णता फेकायला पत्र्याचे पंख असतात, तोच प्रकार. फोमच्या साठपट वेगाने त्यातून ऊब बाहेर जाते, आणि तेवढ्या रेषेत छताची आतली कड थंड पडते. काळी बुरशी पहिल्यांदा धरते ती तिथेच.

पॅरापेटला तिन्ही बाजूंनी फोम गुंडाळा, मागून, वरून आणि पुढून. वर धातूचं किंवा दगडाचं कोपिंग (माथ्यावरचं झाकण), आणि कोपिंगच्या खालच्या अंगाला, भिंतीपासून थोडं पुढे, पाणी तोडणारी खाच. खाच नसेल तर पाणी खालच्या पृष्ठभागाला चिकटून आत येतं आणि गिलाव्यावर काळे ओघळ पाडतं.

पाखभिंतींचंही तेच. त्या घराच्या भिंतीशी सळयांनी जोडल्यात की सुट्या आहेत? सुट्या असतील तर उत्तम. जोडल्या असतील तर निदान पहिल्या मीटरभर लांबीला दोन्ही बाजूंनी फोम द्या.

जमिनीची ऊब हा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ऋतूंची लाट जमिनीत हळूहळू उतरते. साधारण अडीच मीटर खोलीवर ती जवळजवळ दोन महिने उशिरा पोचते आणि तिथे तिची उंची तिसऱ्या हिश्श्याहून थोडीच जास्त उरते. कडाक्याची थंडी असते तेव्हा तुमच्या मागच्या भिंतीच्या पायथ्याशी अजून शरद ऋतूच चालू असतो. मला या घरांचं वेड लागलं ते यामुळे. पण ही लाट फक्त जाड मातीत शांत होते. पॅरापेट, पाखभिंतीचं टोक, छताची कड इथे माती पातळ होत जाते आणि हवामान पुन्हा पूर्ण जोरात येतं. तुम्ही ज्या रेघेबद्दल विचारलंत ती हीच.


मागची_बाक

वाचनखूण साठवली. ऊबगणित, हे असं कुणी समजावलं नव्हतं.


पाणीवाट

धागाकर्ते, बाकी सगळं नंतर. आधी एवढं सांगा, रबराची चादर पॅरापेटच्या मागे मातीच्या वर किती चढवली आहे? आणि तिचं वरचं टोक कशाने बंद केलंय?


उतारावरचा

ऊबगणित, पॅरापेट एकसंधच आहे. पाखभिंती सुट्या आहेत, मधे २ सेंटिमीटरची फट फोमने भरली आहे. ते एक तरी बरोबर झालं.

पाणीवाट, तुमचा प्रश्न वाचून टॉर्च घेऊन वर गेलो. डाव्या निम्म्या भागात चादर मातीच्या वर वीतभर आहे. उजव्या निम्म्या भागात ती मातीच्या पातळीलाच संपवली आहे, काही ठिकाणी बोटभर खालीच. टोक नुसतं चिकटवलंय, पट्टी नाही. तो भाग करताना मी तिथे नव्हतो. ज्यांना काम दिलं होतं त्यांना निरोप धाडलाय, अजून उत्तर नाही. पैसे पूर्ण दिलेले असल्यामुळे त्रास जास्त होतोय.


पाणीवाट

पाऊस यायच्या आत ते उघडा. छतावर पाणी उभं करून केलेली चाचणी या जागेबद्दल काहीच सांगत नाही, कारण ५ सेंटिमीटर पाणी चादरीच्या टोकापर्यंत पोचतच नाही. पुढे माती भिजते, पाला साचतो, गवताची मुळं पाणी धरून ठेवतात, आणि ओल हळूहळू त्या टोकावरून चादरीच्या मागे उतरते. एकदा मागे गेली की ती कुठून शिरली आणि कुठे निघाली याचा पत्ता लागत नाही. आत जिथे डाग दिसतो तिथे बहुधा भोक नसतंच.

चादर तयार मातीच्या पातळीपासून किमान १५ सेंटिमीटर वर हवी. तयार माती म्हणजे गवत आल्यावरची, आज दिसते ती नव्हे. टोकावर धातूची पट्टी, स्क्रू २० ते ३० सेंटिमीटरवर, वर सीलंट आणि त्यावरून पुढे आलेली पत्र्याची झालर. नुसत्या गोंदावर सोडायचं नाही.

आणि वरच्या अंगाला चर काढलाय का? डोंगराकडून येणारं पाणी घराच्या मातीत शिरण्याआधीच वळवायला हवं. मागच्या भिंतीपासून दोन-तीन मीटर वर उथळ, रुंद, गवताळ चर. भिंतीलगतच्या भरावाचा वरचा फूटभर थर चिकणमातीचा करा आणि त्याला घरापासून बाहेर उतार द्या. खाली खडी आणि वर चिकणमाती, हा क्रम उलटा झाला तर भिंत पाण्यात उभी राहते. तीन मीटर उंचीचं पाणी भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांनी रेटतं. पाइप तुंबला तर हाच रेटा तुमच्या काँक्रीटवर येतो. म्हणून कोपऱ्यांवर पाइप साफ करायला उभी तोंडं ठेवा, आणि बाहेरच्या टोकांना जाळी लावा, नाहीतर उंदीर घरटं करतात.


नवखी_वाचक

एक प्रश्न, कदाचित फार प्राथमिक असेल. अशा घरात ओल बाहेरूनच येते असं कसं ठरवायचं? माझ्या ओळखीच्यांच्या तळघरात दमट हवेच्या दिवसांत भिंती घामेजतात, आणि सगळे वॉटरप्रूफिंगला दोष देतात.


ऊबगणित

ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी थेंब धरायला लागतं ते तापमान, जवळपास २४ अंशांवर असतो. मातीला टेकलेली भिंत त्याहून थंड असली की तिच्यावर पाणी धरणारच, वॉटरप्रूफिंग कितीही उत्तम असलं तरी. म्हणून फोम काँक्रीटच्या बाहेर लावतात. मग काँक्रीट घराच्या तापमानाला राहतं, मातीच्या नाही.

ओळखायची सोपी युक्ती: हातभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडा टेपने बंद करून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे आलं तर ते भिंतीतून येतंय. समोरच्या अंगाला थेंब धरले तर ते खोलीतल्या हवेतलं आहे. पहिल्यावर उपाय बाहेर, दुसऱ्यावर हवा खेळती ठेवणं.


उतारावरचा

दोन आठवड्यांनी येतोय. उशीर झाला. आम्ही डावीकडून सुरुवात केली आणि उजवीकडे पोचायच्या आत जोराचा पाऊस झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या कोपऱ्यात, छत आणि भिंत मिळतात तिथे, तळहाताएवढा डाग दिसला. कडेला पुसटशी पांढरी रेघ, लोणा (क्षार) धरल्यासारखी. बायको म्हणाली, आधी प्लास्टिक लावून बघू. लावलं. दोन दिवसांनी प्लास्टिकचं तोंड कोरडं, पाठ ओली. म्हणजे बाहेरचंच.

मग वर चढून हाताने खणलं. फावडं वापरायची भीती वाटत होती, चादरीला पातं लागलं तर संपलं, म्हणून करणीने आणि बोटांनी. चाळीस सेंटिमीटर खाली गेलो. चादर सुटलेली नव्हती, फाटलेलीही नव्हती. पण तिच्या आणि काँक्रीटच्या मधे बोट सरकत होतं, आणि आतून बारीक गाळाचं पाणी बोटाला लागलं. चार मीटर लांबीत हीच गत. पाणी वरून आत गेलं होतं, पाणीवाट यांनी लिहिलं होतं तसंच.

सगळं उघडून चार दिवस वाळवलं, ताडपत्रीच्या आडोशाने. जुन्या चादरीला नवा तुकडा १५ सेंटिमीटर चढवून जोडला, मातीच्या वर २० सेंटिमीटरपर्यंत नेला, धातूची पट्टी, सीलंट, झालर. कोपऱ्यात चादर काटकोनात न वळवता आधी मालाने कोपरा भरून गोल वाटा केला आणि त्या गोलाईवरून नेली. हे मूळ कामातच व्हायला हवं होतं. ज्यांनी केलं त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही, आता वाट बघणं सोडलंय.

आता पॅरापेट गुंडाळायला घेतोय. फोमचा उघडा पट्टा कशाने झाकावा, सिमेंट बोर्ड की जाळी-बेसकोट?


चुनखडी

वाचून पोटात कालवलं. पण तुम्ही हाताने खणलंत हे फार चांगलं केलंत.

पट्ट्यासाठी सिमेंट बोर्ड. तिथे गवत कापताना यंत्र लागतं, कुणाचा पाय लागतो, जाळी-बेसकोट फुटतो. बोर्ड मातीत वीतभर खाली जाऊ द्या, खालची कड आधी सील करून. आणि वाळवीचा भाग असेल तर मातीच्या वर १५ सेंटिमीटर तरी फोम नसलेला मोकळा पट्टा दिसता ठेवा. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदे काढत वर जाते आणि बाहेरून काही कळत नाही. त्या मोकळ्या पट्ट्यात तिच्या मातीच्या नळ्या दिसतात.


ऊबगणित

चुनखडींशी सहमत, फक्त त्या मोकळ्या पट्ट्यातून ऊब जाणारच. तेवढ्या उंचीला आतून फोम द्या. दोन्ही एकाच वेळी साधत नाही.


मागची_बाक

जगात इतर लोक ही कड कशी सांभाळतात? पूर्वीही माणसं अशी राहत होतीच ना?


ऊबगणित

हो, फार पूर्वीपासून. चीनच्या लोएस पठारावरच्या याओदोंग घरांत खोल्या मातीत कोरलेल्या असतात, पण तोंडाला विटेची किंवा दगडाची कमान आणि बऱ्याच ठिकाणी वर पुढे आलेली पागोळी असते, कारण कोरलेली मातीची कड पावसात उघडी ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियात कूबर पेडीला उन्हापासून वाचायला लोक खडकात राहतात. तिथे पाऊसच इतका कमी की आपला हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर या घरांची लाट आली. मिनेसोटा विद्यापीठात अंडरग्राउंड स्पेस सेंटर होतं, वास्तुविशारद माल्कम वेल्स यांनी स्वतःचं कार्यालयच जमिनीखाली बांधलं होतं. त्या काळातल्या घरांमधून ओल आणि दमटपणाचे धडे खूप मिळाले. आजचं उदाहरण हवं तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमधला हॉकर्टन प्रकल्प, १९९८ मध्ये पूर्ण झालेली पाच घरांची एक रांग. ३० सेंटिमीटर फोम, वर ४० सेंटिमीटर माती आणि तोंडाला काचेचा लांब ओसरा, वेगळी हीटिंग यंत्रणा नाही. तोंडाची बाजू त्यांनी ओशाळून लपवली नाही, तिलाच ऊन गोळा करायला लावलं.


पाणीवाट

छतावर काय लावताय? झाडं-झुडपं नको. मुळाला भेगेची गरज नसते, चादरीचा एक कच्चा जोड पुरतो. बुटकं गवत, रानफुलं, तंतुमय मुळांचं काहीही. उताराच्या कडेला काथ्याची जाळी अंथरा, बी रुजेपर्यंत माती धरून ठेवते. आणि बाजूचे उतार ३ ला १ (तीन आडवे, एक उभा) पेक्षा खडे ठेवू नका, नाहीतर गवत कापता येणार नाही आणि पाऊस माती ओढून नेईल. भराव पहिलं वर्षभर बसत राहतो, तोवर त्यावर फरसबंदी करू नका. खड्डे पडतील तिथे माती टाकत राहा, पण दर वेळी झालरीपासूनचं अंतर मोजा. माती वर चढवत चढवत लोक स्वतःच्याच हाताने चादरीचं टोक पुरतात.


उतारावरचा

पाच महिन्यांनी.

समोरचा गिलावा झाला. चुनखडी, तुमचा तिरक्या तुकड्यांचा सल्ला तंतोतंत पाळला, आठही खिडक्यांना. एकाच कोपऱ्यात केसासारखी रेघ आहे, आणि तिथे तुकडा लावायचा राहिला होता हे मला आठवतंय. खाली दगड, त्यापुढे खडीचा पट्टा. पॅरापेट गुंडाळला, दगडी कोपिंगला खाच पाडून घेतली. पहिल्या पावसात खाली उभा राहून पाहिलं, पाणी खाचेपाशी येऊन थेंबाथेंबाने तुटून पडत होतं, भिंत कोरडी. वरचा चरही झालाय.

पॅरापेटची आतली कड पूर्वी सकाळी हाताला गार लागायची. आता छताच्या मधल्या भागाहून फारसा फरक जाणवत नाही.

गेल्या आठवड्यात दोन दिवस सलग पाऊस झाला. पाइपच्या उजव्या तोंडातून पाऊस थांबल्यावरही सहा-सात तास बोटाएवढी धार चालू होती, आधी गढूळ, मग स्वच्छ. कोपऱ्यात पुन्हा प्लास्टिक चिकटवलं होतं. आज काढलं, दोन्ही बाजू कोरड्या. लोणा धरल्याची जुनी रेघ अजून आहे, कोरड्या ब्रशने झाडून ठेवली, पाण्याने धुतली नाही.

छतावर गवत चार बोटं वर आलंय. झालरीच्या बाजूने दर दोन मीटरवर दगडावर खूण केलीय, १५ सेंटिमीटरची.


पाणीवाट

डावं तोंड? डाव्या पाइपमधून किती आलं?


उतारावरचा

डाव्यातून थोडंच. ढाळ उलटा झाला असेल का? उद्या डावीकडच्या साफसफाईच्या तोंडातून पाणी सोडून बघतो आणि इथेच लिहितो.